क्रिस्टलवरचा लाल ठिपका

१७ ऑगस्ट, रविवार

विहारातून परत आले तर ओट्यावर उद्धवराव बसलेले आणि त्यांच्या पायाशी कापूस भरायची दोन पोती. मला वाटलं, गावाकडून मुगाच्या शेंगा आणल्या. एवढ्या शेंगा आम्ही आत्या-भाची दोघी कधी संपवणार, असं म्हणणार तोच त्यांनी एका पोत्याचं तोंड सोडलं. आत कॉम्प्युटर. दुसऱ्यात मॉनिटर आणि कीबोर्ड.

"ओळखा," ते म्हणाले.

ओळखायला काय लागतं. झाकणावर मीच ऑइल पेंटनं लिहिलं होतं, 'यावर चहा ठेवू नये', मराठीत, तेलुगूत आणि उर्दूत. तरी लोक ठेवायचेच. बेल्लमपल्लीच्या ऑफिसात एक्क्याण्णव सालापासून मी याच मशीनवर खाणकामगारांचे पगार काढले. पगाराचा प्रोग्रॅमही माझाच. साहेबांनी वरच्या ऑफिसला कळवताना 'आमच्या सेक्शननं तयार केला' असं कळवलं होतं. सेक्शन म्हणजे मी आणि एक पंखा.

ऑफिसनं जुनं सामान लिलावात हर्राज केलं, ते एका भंगारवाल्यानं उचललं, आणि उद्धवरावांनी भंगारवाल्याच्या ढिगातून हे शोधून काढलं. ते तिथले स्टोअर क्लार्क होते. बायको जयवंताबाई गेल्यापासून बेला मंडलातल्या आपल्या गावी एकटेच राहतात, शेत बटाईनं दिलेलं आहे. अधूनमधून आदिलाबादला काम निघतं, तेव्हा माझ्याकडे डोकावतात. काम दर आठवड्याला निघतं.

"तुमचा पोग्राम अजून आत असन का?" त्यांनी विचारलं.

असेल. बघायला पाहिजे. दुपारभर दुसरं काही सुचलं नाही.

१९ ऑगस्ट

झाकण उघडलं. पालीची दोन अंडी, एक खिळा आणि बाकी धूळ. हार्ड डिस्क आधी घरघरली, मग फिरली. माझा प्रोग्रॅम जागेवर आहे. पण चालत नाही, आणि का चालत नाही ते मला ठाऊक आहे.

हे मशीन मुळात फार हळू होतं. पगाराची रात्र म्हणजे जागरण. म्हणून आम्हाला एक ॲक्सिलरेटर कार्ड मिळालं. हातभर लांब हिरवी पाटी, तिच्यावर जास्त वेगाचा प्रोसेसर. मशीनचा जुना प्रोसेसर उपटायचा आणि त्याच्या जागी या कार्डाची चपटी वायर बसवायची. मशीनला पत्ताही लागत नाही की आपल्या जागी दुसरंच कोणी काम करतंय. या कार्डावर जास्तीच्या मेमरीसाठी चार खाचा आहेत, त्यांत चार पट्ट्या बसतात. त्या पट्ट्या कुणीतरी काढून घेतल्या आहेत. त्या असल्याशिवाय माझा प्रोग्रॅम उठत नाही, कारण तो मी तसाच लिहिला होता.

तर चार पट्ट्या मिळवायच्या. एवढंच काम.

२४ ऑगस्ट, रविवार

उद्धवराव आले होते. सोबत कार्लं. ते बसलेले असताना पुण्याहून गोपालचा फोन आला. गोपाल हा त्यांचा मुलगा. तिकडे फ्लॅट घेतलाय, वडिलांना कायमचं घेऊन जायचं म्हणतो. बरोबरच आहे. या वयात माणसानं एकटं राहू नये, खेड्यात तर मुळीच नाही. मी तसं म्हटलंही.

उद्धवराव फोनवर म्हणाले, "दीक्षाबाईची मशीन चालू करून देतो, मंग येतो. अर्धं काम टाकून कसा येऊ?"

मला हे आवडलं. कामाचा माणूस काम मधे सोडत नाही. स्टोअरमध्येही ते असेच होते, एक नट कमी भरला तर जेवायला उठायचे नाहीत.

ते गेल्यावर भाग्यश्रीनं विचारलं, "आत्या, काका मशीनीसाठीच येऊन राह्यले का?"

"मग काय कार्ल्यासाठी?"

ती हसली. भाग्यश्री माझ्या भावाची मुलगी, ज्युनियर कॉलेजात शिकवते, माझ्याकडे राहते. तिला सगळ्यात काहीतरी दिसत असतं. माझं लग्न का झालं नाही याबद्दलही तिच्याकडे तीन वेगवेगळी कारणं आहेत. खरं कारण साधं आहे. भावंडांची शिक्षणं आधी झाली, आणि नंतर मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही.

३१ ऑगस्ट

काम वाटलं तेवढं सोपं नाही. या कार्डाच्या दोन जाती आहेत. पाटीवर छापलेला नंबर दोन्हींचा एकच, दिसायला जुळी भावंडं. पण आधीच्या जातीला पाव मेगाबाइटच्या लहान पट्ट्याच चालतात आणि नंतरच्या जातीला एक मेगाबाइटच्या मोठ्या. पट्ट्याही दिसायला सारख्या, खाचेत दोन्ही बसतात. चुकीच्या बसवल्या तर मशीन अडून बसतं.

ही सगळी माहिती एका वेबसाइटवर आहे. कुठल्याशा थंड देशातल्या एका गृहस्थानं आयुष्यभर अशी कार्डं जमवून त्यांचे फोटो लावलेत. त्यानं नंतरच्या जातीच्या दोन खुणा दिल्या आहेत. पहिली म्हणजे, कार्डावर क्रिस्टल नावाची चकचकीत धातूची डबी असते, जिच्या ठोक्यावर सगळं कार्ड चालतं. नंतरच्या जातीत तिच्यावर कारखान्यानं लाल रंगाचा ठिपका दिलेला असतो. दुसरी खूण मोठ्या चौकोनी चिपवरच्या नंबरात.

आमच्या चौकोनी चिपवर स्टोअरचं लेबल खळीनं चिकटवलेलं आहे. अक्षर उद्धवरावांचंच. त्या ऑफिसात लेबल नाही अशी एकच वस्तू होती, साहेबांची खुर्ची. लेबल काढायला गेलं तर फाटेल. आणि काढायची गरजही नाही, कारण क्रिस्टलवर लाल ठिपका स्पष्ट आहे. जुना, काळपट झालेला, पण लालच. नंतरची जात.

अशा कामाला नजर लागते. मला जरा अभिमान वाटला, लिहून ठेवते.

२ सप्टेंबर

उद्धवरावांना ठिपका दाखवला. दोन्ही जातींतला फरक समजावून सांगितला, वेबसाइटवरचा फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा कपाळावर सारला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"कारखान्यातूनच आलेला हाय म्हनता?"

"तर काय."

"हो का," ते म्हणाले. "बरं झालं." मग चहा मागितला. आज त्यांनी तीन कप चहा घेतला.

मोठ्या पट्ट्या हैदराबादच्या एका दुकानदाराकडे मिळाल्या. पाठवतो म्हणाला.

९ सप्टेंबर

पट्ट्या आल्या नाहीत. उद्धवराव आले. मागच्या खिडकीची डासाची जाळी फाटली होती, ती त्यांनी बदलून दिली. मी सांगितलं नव्हतं.

गोपालचा पुन्हा फोन. दिवाळीला गाडी घेऊन येतो म्हणाला. उद्धवराव त्याला म्हणाले, "मेमरी याची हाय हैदराबादहून." कुणी पाहुणीच यायची आहे अशा सुरात.

१६ सप्टेंबर

पट्ट्या आल्या. बसवल्या. मशीन चालू केलं. पडद्यावर मेमरीची मोजणी सुरू झाली, आकडे वर चढले आणि मधेच थांबले. चूक आहे, एवढं एक वाक्य इंग्रजीत उमटलं आणि मशीन अडकलं.

पट्ट्या काढल्या, पितळी कडा खोडरबरनं घासल्या, परत बसवल्या. तेच. चारही पट्ट्यांच्या जागा अदलून बदलून पाहिल्या. तेच.

उद्धवराव खुर्चीवर बसून पाहत होते. "नाही तं नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याचा मागमूस नव्हता. मला राग आला.

२१ सप्टेंबर, रविवार

अजून तसंच. खाचा ब्रशनं साफ केल्या. मेमरी कोणती आहे ते कार्डाला बारीक खुंट्यांवरच्या टोप्यांवरून कळतं, त्या टोप्याही बदलून पाहिल्या. वेबसाइटवाल्या गृहस्थाला लिहिलं. त्याचं लगेच उत्तर आलं की लाल ठिपका असेल तर मोठ्याच पट्ट्या, शंका नको. म्हणजे दोष पट्ट्यांत. दुकानदाराला फोन केला तर तो हिंदीत म्हणाला, "मॅडम, टेस्ट करके भेजा है." तेही खरंच असेल.

उद्धवरावांनी नळाचा वायसर बदलला. नवा शर्ट घालून आले होते, फिक्या निळ्या रंगाचा. मी विचारलं, कुठे लग्न होतं का. नाही म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "बाई, पुन्यात म्हाताऱ्या मानसायले कोनी बोलाले भेटत असन का?"

मी सांगितलं की सोसायट्यांमध्ये बाग असते, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे असतात, हास्यक्लब असतो. थंडी पडते म्हणून एक स्वेटर आत्ताच घ्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा, असंही सांगितलं. ते ऐकून घेत होते.

"तुमी गेल्या हाय का कवा पुन्याले?"

"एकदा. ट्रेनिंगला."

"कसं वाटलं?"

"जेवण गोड होतं," मी म्हटलं.

भाग्यश्री आतून कूकरच्या शिट्ट्या मोजत होती म्हणते. कूकर गॅसवर नव्हताच.

१ ऑक्टोबर

उद्या नागपूर. दरवर्षीप्रमाणे. बाबा होते तेव्हा आम्ही सगळी भावंडं त्यांच्या मागे जायचो. बाबा, रामाजी, दुसऱ्यांच्या शेतावर राबले आणि त्यांनी माझं नाव दीक्षा ठेवलं. ते गेल्यावर मी एकटी जाऊ लागले, पण चुकवलं नाही. नोकरीत असताना साहेब म्हणायचे, बाई, दसऱ्याला तुम्ही कधी ऑफिसात नसताच. नसायचेच.

मशीनवर जुनी चादर टाकून ठेवली आहे. आल्यावर पाहू.

४ ऑक्टोबर

सकाळी परत आले. पाय सुजलेत, मन शांत होतं. दुपारपर्यंत शांत होतं.

चादर नीट घडी करून बाजूला ठेवलेली. कीबोर्डवर झेंडूची एक पाकळी. झाकणाचे स्क्रू मी नेहमी हातानं अर्धेच आवळते, ते पूर्ण आवळलेले. उघडलं. क्रिस्टलच्या डबीवर ताजं, ओलसर कुंकू. बरोबर जुन्या ठिपक्याच्या शेजारी.

भाग्यश्रीला विचारलं. "काका आलते ना दसऱ्याले. सोनं देऊन गेले. मशीनीची पूजा करू का म्हने, दर साली करत होतो. म्या म्हटलं, करा. चुकलं का?"

दर साली.

मी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं. ताजं कुंकू निघालं. मग जुन्या ठिपक्यावर बोळा फिरवला. कारखान्याचा रंग स्पिरिटनं सहसा हलत नाही. हा हळूहळू विरघळला, बोळा लाल झाला आणि डबी लख्ख निघाली. तिच्यावर काही नव्हतं.

ओल्या फडक्यानं लेबल भिजवलं आणि सोडवलं. अजिबात फाटलं नाही. खाली नंबर. आधीची जात. लहान पट्ट्या.

म्हणजे पाच आठवडे मी तेलात कालवलेल्या कुंकवाचा अभ्यास केला. वर एका परक्या माणसाला त्याचं वर्णन करून पाठवलं.

७ ऑक्टोबर

उद्धवराव आले. मी चहा टाकला नाही. कार्ड टेबलावर ठेवलं, लाल बोळा शेजारी ठेवला.

त्यांनी पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. खुर्चीवर बसले नाहीत.

"हे तुमचं काम?"

"हो."

"कधीपासून?"

"कार्ड आलं त्या दसऱ्यापासून. ऑफिसात सगळ्यायच्या मशीनीले हार, नारळ, हळदकुंकू. टायपायटरले सुदा. तुमी नागपूरले. तुमची मशीन तशीच बसून राहे कोपऱ्यात. मले बरं नाही वाटलं. मंग झाकन खोलून लावलं. ते डबी चकचकीत होती, तिलेच लावलं."

"दर वर्षी?"

"तुमी रिटायर होयलोग."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी पुसून टाकलं असतं."

हे खरं आहे. पुसलंच असतं, आणि दोन शब्दही सुनावले असते.

"बरं, ते तेव्हाचं. आता मी तुम्हाला ठिपका दाखवला, फोटो दाखवला, जात समजावून सांगितली. तुम्हाला माहीत होतं की हे तुमचं कुंकू आहे. तवा काऊन नाही बोलले?" रागात माझ्या तोंडी घरची भाषा येते.

ते खिडकीच्या जाळीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बोललो असतो तं मशीन तवाच चालू झाली असती."

"मग? तेच तं पायजे होतं."

"तुमाले," ते म्हणाले.

मी म्हटलं, मला माझ्या कामाची थट्टा केलेली चालत नाही, काही दिवस येऊ नका. त्यांनी मान हलवली आणि चपला घालून गेले. त्यांच्या त्या एका शब्दाचा अर्थ मला लागला नाही. लावत बसायला वेळही नव्हता, लहान पट्ट्या शोधायच्या होत्या.

११ ऑक्टोबर

लहान पट्ट्या कुणाकडेच नाहीत. हैदराबादवाला म्हणाला, त्या तर आम्ही कधीच वितळवल्या.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी फाटक वाजलं. गॅसवाला होता.

भाग्यश्री जेवताना म्हणाली, "आत्या, काका दिवाळीनंतर चालले. तू काई बोलनार का नाही?"

"काय बोलू? ते खोटं बोलले."

"खोटं कुठी बोलले? ते बोललेच नाही."

"एकच आहे."

"एकच नाही," ती म्हणाली. "पाटीवरचा नंबर एक असला तरी जात येगळी असते, तूच तं सांगतलं."

पोरीनं माझीच विद्या माझ्यावर चालवली. मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं. मीठ बरोबर होतं.

१६ ऑक्टोबर

काही विशेष नाही. घर फार नीटनेटकं आहे. एकही वस्तू मोडलेली सापडत नाही.

१८ ऑक्टोबर

उद्धवराव आले. मी ओट्यावर तूर निवडत बसले होते. ते फाटकाशीच थांबले, आत येऊ का असं विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारलं नव्हतं.

खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत चार पट्ट्या, लहान. ते मंचेरियलला गेले होते, तिथून बेल्लमपल्लीला. दोन्ही गावांतली भंगाराची दुकानं पालथी घातली. शेवटी एका बंद पडलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या माडीवर आमच्या मशीनच्याच वयाचं मशीन मिळालं, त्यातल्या ह्या. मालकाच्या मुलाला नंबर मोबाइलवर वाचून दाखवायला लावला, भाग्यश्रीला फोन करून खात्री केली. भाग्यश्रीनं मला यातलं काही सांगितलं नव्हतं.

"ह्या बराबर हायत. आता होईन तुमचं काम."

"बसा," मी म्हटलं.

"नाही. गावाकडं जरा आवराचं हाय. मशीन चालू झाली का तुमीच गोपालले फोन करजा. तुमच्या फोनचीच वाट पाहून राह्यला तो, मंग गाडी घेऊन निंगते. मी त्याले सांगून ठेवलं, बाईनं सांगतलं का समज झालं."

चहा विचारला. नको म्हणाले.

मी पट्ट्या हातात घेऊन बराच वेळ तशीच ओट्यावर बसले. नोकरीला नवीन होते तेव्हा मी घरून थर्मास नेत असे. ऑफिसातल्या लोकांना चहा विचारला की सगळ्यांचा 'आत्ताच झाला' असायचा. कुणी वाईट बोलायचं नाही. नुसता सगळ्यांचा चहा आत्ताच झालेला असायचा. एक दिवस स्टोअरमधून उद्धवराव आले, म्हणाले, "बाई, चहा हाय का? एक कप द्या." पिऊन झाल्यावर दुसरा मागितला. त्यांच्या मागे सगळे हसले, आणि पुढे हळूहळू बाकीच्यांचाही चहा व्हायचा राहू लागला. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या माणसानं माझ्या हातचा चहा कधी नाकारला नव्हता.

१९ ऑक्टोबर, रविवार

विहारात गेले नाही. सकाळीच पट्ट्या बसवल्या. खुंट्यांच्या टोप्या लहान मेमरीसाठी लावल्या. चालू केलं.

मोजणी सुरू झाली. आकडे चढत गेले, मागच्या वेळी अडले होते तिथे आले, पुढे गेले आणि शेवटपर्यंत पोचले. मी माझा प्रोग्रॅम सुरू केला. पडदा स्वच्छ झाला आणि त्यानं विचारलं, कोणता महिना? हा प्रश्न मी लिहिला तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. मी महिना टाकला. मशीननं भराभर पगार मांडले, कुठेही चुकलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. मी थोडा वेळ थांबले, उशिरा होईल म्हणून. झाला नाही. नुसतं वाटत राहिलं की आता फोन करावा लागेल. फोन केला की गाडी निघेल. गाडी आली की बेला मंडलातलं ते घर बंद होईल, आणि आदिलाबादला कुणालाही दर आठवड्याला काम निघणार नाही.

मग तो 'तुमाले' मला समजला. मशीन चालू व्हायला मला हवं होतं. त्यांना नको होतं. जाळी, वायसर, निळा शर्ट, पुण्यातल्या माणसांची चौकशी, सगळं माझ्यासमोर होतं, आणि मी त्यांना स्वेटर घ्यायला सांगितलं.

इथे दुसरं कुणी वाचणार नाही, तेव्हा सरळ लिहिते. मला ते जायला नको आहेत. याला काय नाव द्यायचं ते मला माहीत नाही आणि एकसष्टाव्या वर्षी नावाची फारशी गरज नाही. लोक बोलतील. आमच्याकडचे बोलतील, त्यांच्याकडचे जास्त बोलतील. बोलू देत.

भाग्यश्रीनं दारातून विचारलं, "झाली का चालू?"

"झाली."

"मंग?"

"तोंड धुऊन येते," मी म्हटलं. मला रडू आलं होतं.

२० ऑक्टोबर

मी फोन करायच्या आत गोपालचाच आला.

"काकू, दिवाळीच्या शुभेच्छा. मशीन झाली का? बाबा म्हणत होते की पट्ट्या मिळाल्या."

मशीन माझ्या मागे चालू होतं, पंख्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "मिळाल्या रे. पण दुसऱ्याच जातीच्या निघाल्या."

"अरे. मग आता?"

"आता पुन्हा शोधायच्या. जुनं काम आहे, सांगता येत नाही किती लागेल. तू कशाला उगीच गाडी घेऊन येतोस? आलास तर चार दिवस राहायला ये. त्यांना न्यायला नको येऊस."

हुशार मुलगा आहे, आईवर गेलाय. "बाबा ठीक आहेत ना, काकू?"

"राहतील," मी म्हटलं. "मी बघते."

फोन ठेवला. आयुष्यात मी पट्ट्यांच्या जातीबद्दल कधी खोटं बोलेन असं मला वाटलं नव्हतं. मग उद्धवरावांना लावला. ते शेतात होते, मागे मोटर चालू होती.

"मशीन चालू झाली," मी म्हटलं. "कालच झाली. गोपालला सांगितलं नाही. त्याला म्हटलं, पट्ट्या चुकीच्या निघाल्या."

त्यांनी मोटर बंद केली.

"तुमी असं म्हनल्या?"

"म्हणले."

मग ते म्हणाले, "मंग तं मले परत मंचेरियलले जा लागन. पट्ट्या पाहाले."

"लागन," मी म्हटलं. "पन तुमाले एकट्याले ओळखू येनार नाही. मी येते संगं."